लाल मशीनची दुसरी पूजा

"बाजूला व्हा! अरे बाजूला व्हा पोरांनो!"

म्हातारे माळी लहानूबाबा ओरडले आणि नूपुरने गौरांगची कॉलर धरून त्याला मागे खेचलं, म्हणून बरं! ते लाल मशीन, सीटवर कोणीही बसलेलं नसताना, आपलं आपण रांगत येत होतं. खालची पाती घूंऽ घूंऽ करत फिरत होती. वाटेतल्या पाण्याच्या पाइपाचे त्यांनी फटाफट तुकडे केले, झेंडूचा अख्खा वाफा सपाट केला, आणि मग मशीन कारंज्याच्या कठड्यावर धाडकन आदळलं. तेव्हा कुठे ते गप्प झालं.

"अबे, हे काय केलं म्हाताऱ्या!" मॅनेजर गिरिधर धावतच आला. "नवीन कोरं मशीन! बटन बंद न करता उतरलास?"

"मले वाटलं, मी उठलो का थे थांबन," लहानूबाबा म्हणाले. "सकाळचं हिरवं तसंच थांबत होतं ना! पाइप आडवा आला, म्हणून उचलाले उतरलो."

बाबांचं काही खोटं नव्हतं. नूपुर आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ गौरांग दिवाळीच्या सुट्टीत शहरातल्या नंदनवनहून शहराबाहेरच्या बेसाला आले होते, मार्तंडआजोबांकडे. आजोबांचं 'चांदणी लॉन' म्हणजे सहा एकर हिरवळ! तुळशीचं लग्न लागलं की तिथे रोज एक वरात. आणि नेमकं दिवाळीतच गवत कापायच्या जुन्या मशीनने राम म्हटला. म्हणून आता नवं घ्यायचं होतं, झीरो टर्न. त्याला स्टिअरिंग नसतं, दोन दांडे असतात. एक पुढे, एक मागे केला की मशीन जागच्या जागी गरकन फिरतं. गौरांग तर ते बघून वेडाच झाला होता.

सकाळपासून दोन मशीनं दाखवून झाली होती. पहिलं हिरवं. ते रितिकाताई नावाची मुलगी वर्धा रोडवरच्या दुकानातून टेम्पोत घेऊन आली होती. ती सीटवरून जरा उठली की इंजिन फट्‌ करून बंद! गिरिधर पोट धरून हसला होता. "ताई, हे तर बंदच पडते! घरी घेऊन जा, शोकेसमध्ये ठेवा."

दुसरं लाल. ते इतवारीतल्या दुकानाच्या उन्मेषने आणलेलं. "आमचं मशीन बंद पडत नाही, साहेब! मंगळवारी पेटी फोडली, आज तुमच्या दारात!" उन्मेष हा गिरिधरच्या बायकोचा सख्खा भाऊ. लॉनवर हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आजोबांना सांगायची कोणाची छाती नव्हती.

आजोबा फोनवर कुणा वधूपित्याशी बोलत होते. वळून बघतात तर फुटका कठडा! झालं, त्यांचा पारा चढला.

"लहानू, आता पुरे. वय झालं तुझं. उद्यापासून येऊ नकोस. आठवडाभरात खोलीही रिकामी कर."

"आजोबा, पण बाबा उतरल्यावर ते थांबायला हवं होतं—"

"नूपुर! मोठ्यांच्या मध्ये तोंड घालायचं नाही!"

लहानूबाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं आणि ते निघून गेले. अठ्ठावीस वर्षं या माणसाने ती हिरवळ पोटच्या लेकरासारखी वाढवली होती. नूपुरला आजोबा फार आवडायचे. पण त्या क्षणी तिला त्यांचा असा संताप आला, की ती जेवायला त्यांच्या पंगतीला बसलीच नाही.

दुपारी मागच्या दाराशी मिनल उभी होती. लहानूबाबांची नात, नूपुरच्याच वयाची, तेरा वर्षांची. गेल्या सुट्टीत दोघी मिळून चिंचा पाडायच्या. आज तिचे डोळे लाल झाले होते.

"भेटलं समाधान तुमाले?"

"मी काय केलं?" नूपुर चिडली.

"तू पाहून राहिली होती ना? मंग बोलली काहून नाई?"

"बोलले! मला गप्प केलं!"

"अन् तू गप बसली! लय भारी! आमची खोली गेली वं. आम्ही कुठी जावं, तुमच्या कारंज्यात?"

तेवढ्यात गौरांग मधे घुसला. "तुम्ही दोघी भांडत बसा. मला एक कळत नाहीये. हिरवं मशीन माणूस उठला की थांबतं आणि लाल थांबत नाही. दोन्ही झीरो टर्नच ना? मग असं का?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. भांडण काही मिटलं नाही, पण तिघंही लाल मशीन ठेवलेल्या शेडकडे निघाले. ही वेळ बरोबर होती. जेवणं झाली की लॉनवरचे सगळे मोठे लोक तासभर आडवे होत, आणि गिरिधरचं घोरणं ऑफिसबाहेर ऐकू येई.

शेडमध्ये लाल मशीन उभं होतं. पुढचा पत्रा चेपला होता. मीटरवर फक्त दोन तास चालल्याचा आकडा. गौरांगने खालची कडी ओढून सीट वर उचलली.

"अय्या! हे बघ!"

सीटखालून एक वायर आली होती. तिचा प्लग सीटला जोडलेला नव्हताच! त्याच्या दोन तोंडांत तांब्याच्या तारेचा तुकडा खुपसून वर काळी टेप गुंडाळली होती.

"हे कोणी तरी हातानं केलेलं आहे," नूपुर पुटपुटली. "कारखान्यात असं कशाला करतील?"

"अन् हे पाह्य!" मिनलने बोट दाखवलं. सीटखालच्या कोपऱ्यात लाल रंग पोचलाच नव्हता. तिथला पत्रा पिवळा होता, आणि त्या पिवळ्यावर सुकलेल्या कुंकवाचं स्वस्तिक! खाचेत एक वाळलेला झेंडू आणि एक दुमडलेलं पान अडकलं होतं. मिनलने ते अलगद ओढलं. मधे दुभंगलेलं आपट्याचं पान.

"सोनं! दसऱ्याचं सोनं हाय हे!"

"पण उन्मेषकाका तर म्हणाले, मंगळवारी पेटी फोडली," नूपुर म्हणाली. "दसरा होऊन महिना होत आला. मग दसऱ्याला या मशीनची पूजा कोणी केली?"

"पेटीत बसून?" गौरांग खिदळला.

"हे जुनं मशीन आहे! पिवळ्याचं लाल केलं, मीटर बदललं आणि—"

"आणि काय गं?"

दारात गिरिधर! त्याने आधी गौरांगचा कान पिरगळला. मग तो मिनलकडे वळला. "अन् तू इथं काय करून राहिली? चोरीचा इरादा हाय काय? तुह्या आजोबाले हाकललं, आता तुलेही पोलिसात देऊ?" त्याने सीट धाडकन आपटली. तिघांना बखोटं धरून बाहेर काढलं आणि शेडला कुलूप ठोकलं. पण मिनलने हळूच सरकवलेलं आपट्याचं पान गौरांगच्या मुठीतच राहिलं होतं.

संध्याकाळी आजोबांपुढे गिरिधरची जीभ आधी चालली. पोरांनी म्हणे महागड्या मशीनच्या वायरी उपसल्या, आणि फितवणारी ती माळ्याची नात! नूपुरने पान दाखवलं, तर तो हसला. "साहेब, हे तर कोणत्याही देवघरात सापडन."

"आजोबा, तुम्ही एकदा सीट उचलून बघा ना!"

"पुरे झालं! लाल मशीनच घ्यायचं ठरलंय, उद्या दहाला त्याची पूजा आहे. तोवर शेडकडे फिरकलात तर नंदनवनला परत पाठवीन."

आता तुम्हीच सांगा, अशा माणसांशी बोलायचं तरी कसं? नूपुर उशीत तोंड खुपसून रडली. मग उठली, नाक पुसलं आणि टेबलावर पडलेलं रितिकाताईचं कार्ड शोधून तिने सरळ फोन लावला.

"सीटखाली तार?" रितिकाताईचा आवाज एकदम बदलला. "अगं, सीटमध्ये एक स्विच असतो. माणूस उठला की पाती आणि इंजिन बंद झालंच पाहिजे. कुणी तरी तो मारून टाकलाय! त्या मशीनच्या जवळसुद्धा जाऊ नका. हे मी सकाळी सांगतच होते, पण तुमचे मॅनेजर हसण्यातून मोकळे झाले तर ना! मला तर त्यांनी येऊ नका म्हणून कळवलंय."

"ताई, उद्या दहाला या. मी बोलावते!"

नंतर नूपुर मागच्या खोल्यांकडे गेली. मिनल ओसरीत भांडी बांधत होती. तिने मान वर केली नाही, पण नूपुर सांगत होती ते सगळं ऐकलं.

"तुहे आजोबा ऐकतीन?" तिने शेवटी विचारलं.

"ऐकणार नाहीत. पण बघतील."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता लाल मशीन हार घालून हिरवळीवर उभं होतं. चेपलेला पत्रा ठोकून सरळ केलेला. सीटच्या कडेखालून रातोरात चिकटवलेली नवी काळी रबरी चटई डोकावत होती! गिरिधर मुलांकडे बघून मिशीत हसला. आजोबा नारळ घेऊन पुढे आले, आणि तेवढ्यात फाटकातून टेम्पो आत शिरला.

"हिला कोणी बोलावलं?" गिरिधर खेकसला.

"मी!" नूपुर म्हणाली. तिच्या हातात औक्षणाचं ताट होतं. "आजोबा, पूजेला माझी ना नाही. फक्त आधी उन्मेषकाकांनी मशीन चालू करावं. पाती चालू ठेवूनच खाली उतरावं आणि समोर उभं राहावं. मी त्यांना ओवाळते."

उन्मेष हसला. मग त्याचं हसू गळून पडलं.

"पाती चालू ठेवून? वेड लागलं काय? अंगावर आलं तर पाय जातील माझे!"

तेवढ्यात मेंदीच्या कुंपणामागून मिनलचा आवाज आला.

"अन् माह्या आजोबाचे पाय काय लाकडाचे होते काय गा?"

आजोबांच्या हातातला नारळ खाली आला. त्यांनी उन्मेषकडे बघितलं, मग फुटक्या कठड्याकडे, आणि मग पाइपाच्या तुकड्यांकडे. काल तिथेच लहानू उभा होता.

"रितिकाबाई," ते हळू म्हणाले, "तुमचं मशीन उतरवा."

हिरवं मशीन उतरलं, सुरू झालं. रितिकाताईने पाती फिरवली आणि ती सीटवरून उठली. फट्‌! सगळं बंद. "साहेब, काल याला तुमचे लोक हसले. पण हा दोष नाही. माणूस जागेवर नसेल तर याला चालायची परवानगीच नाही."

आजोबा लाल मशीनपाशी गेले आणि त्यांनी स्वतः सीट उचलली. "साहेब, राहू द्या, हात खराब होतील—" गिरिधर मधे आला. त्याला त्यांनी कोपराने बाजूला सारलं आणि चटई टर्रकन ओढली. टेपमधली तार. पिवळा पत्रा. वाळकं स्वस्तिक. गौरांगने खिशातून पान काढून आजोबांच्या तळहातावर ठेवलं.

"उन्मेष," आजोबा म्हणाले, "मंगळवारी पेटी फोडलीस ना? मग दसऱ्याला याला कुंकू कोणी लावलं?"

"भाऊजींनीच सांगितलं, साहेब! म्हणाले, रंग मार, कोणाला कळत नाही—"

"अबे, खोटं बोलू नको! तार तूच लावली!"

दोघं एकमेकांच्या अंगावर असे धावले, की रितिकाताईला मधे पडावं लागलं.

"भाऊजी?" आजोबांचा आवाज चिरला. "म्हणजे हा तुझा मेहुणा? गिरिधर, किल्ल्या ठेव इथं आणि चालता हो. उन्मेष, तूही हे भंगार उचल! याच्यावर एखादा माणूस कापला गेला असता तर नारळ कुठे फोडला असतात रे?"

दोघं गेल्यावर आजोबा मुलांकडे वळले. "नूपुर, गौरांग... शाब्बास! मिनल, तूही ये पुढे. तुम्ही पोरांनी आज माझी लाज राखली."

मिनल कुंपणापलीकडून हलली नाही. "मले शाबासकी नको. तुम्ही आमच्या आजोबाले सगळ्यायसमोर हाकललं. आता माफी पण सगळ्यायसमोरच मागा."

मार्तंडआजोबांशी असं कोणी बोलत नसे! त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी चपला घातल्या आणि ते मागच्या खोल्यांकडे निघाले. त्यांच्यामागे मुलं, रितिकाताई, झाडणाऱ्या बाया, मांडववाले, सगळेच.

लहानूबाबा ओसरीवर गाठोडं बांधत होते. आजोबांनी त्यांच्यापुढे हात जोडले.

"लहानू, चूक माझी. मी बघितलं नाही, ऐकलं नाही, आणि तुला घालवलं. मला माफ कर."

बाबा गडबडले. "साहेब, असं नका करू गा..."

"आणि मशीन कोणतं घ्यायचं, ते मी नाही ठरवणार. त्याच्यावर बसायचं तुला आहे. तू ठरव."

लहानूबाबा हिरवळीवर आले आणि हिरव्या मशीनवर बसले. सुरू केलं, उठले. फट्‌. पुन्हा बसले, पुन्हा उठले. फट्‌. तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी सीटवरून मायेने हात फिरवला.

"हे घ्या साहेब. याले माणूस समजते."

नारळ त्यांनीच फोडला. खोबरं वाटता वाटता मिनल नूपुरपाशी आली. तोंड अजून फुगलेलंच होतं, पण तिने सगळ्यात मोठा तुकडा काढून नूपुरच्या हातावर ठेवला.

"उद्या येजो वं," ती म्हणाली. "चिंचा लागल्या हायेत."