काडेपेटीतला सोंडकिडा

तो आला तेव्हा मला वाटलं, झुरळं मारायला आलाय.

आता यात माझी काय चूक? सकाळपासून मी त्या फवारणीवाल्याच्या नावानं बोटं मोडत बसले होते. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि दारात हा माणूस उभा. डोक्यापासून पायापर्यंत निथळतोय, चष्म्यावर वाफ धरलीय, हातात काचेची एक नळी छातीशी घट्ट धरलेली. मी ओझरतं बघितलं आणि मान खाली घालूनच म्हटलं, "झुरळं त्या कोपऱ्यात, बेसिनखाली. आणि माझ्या टेबलाकडे एक थेंब जरी औषध उडालं ना, तर याद राखा."

तो मुकाट कोपऱ्यात गेला. वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग आतून आवाज आला, "दोन जातींची आहेत... मारायची कशाला? चांगली तर आहेत."

तेव्हा मी मान वर केली. करायला नको होती!

मी त्या संग्रहालयात किडे टाचायचं काम करायची. शाळा माझी सातवीत सुटली, पण हात दगडासारखा स्थिर. तांदळाएवढ्या किड्यात टाचणी घुसवली तर त्याचे तुकडे होतात. म्हणून पुठ्ठ्याचा टोकदार कपटा कापायचा, टोकाला डिंकाचा बारीक ठिपका द्यायचा, त्यावर किडा चिकटवायचा आणि टाचणी त्या कपट्यातून घालायची. खाली चिठ्ठी... कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणाला मिळाला. अकरा वर्षं हेच केलं. सगळी इमारत मला टाचणीबाई म्हणायची. वहिनी म्हणायची, "नाव कामावरून नाही पडलं, तोंडावरून पडलंय."

त्याच्या नळीत तीन सोंडकिडे होते. सोंडकिडा तुम्ही पाहिलाय, जुन्या धान्यात निघतो तो. पण हे जंगलातले, पडलेल्या झाडाच्या सालीखालचे. दोन माद्या, एक नर. तो म्हणाला, "अशी जात आजवर कुणी लिहिलेली नाही. मी लिहिणार आहे. फक्त... माझे हात थरथरतात. तुम्ही चिकटवून द्याल?"

"झुरळवाल्यांचे हात थरथरून कसं चालेल?"

"झुरळांसमोर नाही थरथरत," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

नवीन किडा जगाला दाखवायचा म्हणजे त्याचं वर्णन लिहावं लागतं. सोंड किती लांब, पाय कसे, पाठीवर रेघा किती, सगळं मोजून. तो मायक्रोस्कोपवर डोळा लावून बोलायचा आणि कागदावर उतरवायचा. मी शेजारी बसून चिकटवायची. कान मात्र तिकडेच.

"खवले... पांढरट. पिठासारखे."

"काहीतरीच. पीठ कधी असं दिसतं का? ओल्या राखेसारखे आहेत ते."

त्यानं मान वर केली. पुन्हा भिंगातून पाहिलं. पीठ खोडलं, राख लिहिली.

"आणि सोंड? सोंडेला काय म्हणाल?"

"वरनं बारीक, मध्येच जाड... एखादा माणूस बोलायला जातो नि घशात अडकतं, तशी."

"हे कसं लिहू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. शिकलेले तुम्ही."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो बोटानं नाही, खांद्यानं वर करायचा, कारण हातात चिमटा असायचा. एकदा मीच वर केला. माझ्या बोटाला डिंक होता. चष्मा भुवईला चिकटला आणि तो सुटेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांपासून चार बोटांवर... श्वाससुद्धा जपून घेत होतो. पुसून झाल्यावर तो म्हणाला, "आता मलाही चिठ्ठी लावा. कुठे मिळाला, कधी मिळाला..."

"आणि कुणाला मिळाला?" माझ्या तोंडून गेलं.

त्या दिवशी घरी जाताना छत्री मी टेबलावरच विसरले आणि भिजले आहे हे मला घरी वहिनीनं सांगितलं.

दोन महिने असे गेले. एका दुपारी तो सहज बोलून गेला, "वर्णन पुरं झालं की मला जायचंय. समुद्रापलीकडं एक संस्था आहे. तिथं कायमची जागा देतायत. या किड्याचं काम पुरं करून या, म्हणालेत."

"काय राहिलंय मग?"

"नर. या कुळात सगळं मादीवर नाही ठरत. नराचं पोट उघडून आतला एक बारीकसा अवयव बघावा लागतो, मग जात पक्की. बुधवारी करू. बुधवारी तुमचा हात लागेल."

म्हणजे त्याला घालवायचं कामही माझ्याच हातांनी व्हायचं होतं.

मंगळवारी तो जेवायला गेला आणि मी किड्यांची पेटी उघडली. टाचणी, कपटा, चिठ्ठी, सगळ्यासकट नर उचलला. रिकाम्या काडेपेटीत ठेवला, काडेपेटी माझ्या खणात मागे सरकवली. चोरायचं मनात नव्हतं हो. आठ दिवस शोधेल, आठ दिवस जास्त राहील, मग मीच म्हणेन, अगंबाई, हा बघा, इथं पडला होता! एवढाच हिशेब.

डांबराच्या गोळीशिवाय किडा ठेवायचा नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मीच दटावून सांगायची हे. कारण मेलेले किडे खाणारे किडे असतात. केसाळ, तपकिरी, तिळाएवढ्या अळ्या. पण काडेपेटीत गोळी मावत नव्हती. आणि आठ दिवसांचा तर प्रश्न होता.

बुधवारी त्यानं पेटी उघडली. मग जमिनीवर गुडघे टेकले. फरशीवर गाल लावून तो टेबलांखाली बघत होता आणि मीही शेजारी वाकून बघत होते. काय नाटक केलं मी, देवाला ठाऊक.

"मला काल शिंक आली होती," तो म्हणाला. "झाकण उघडं होतं. माझ्याच शिंकेनं..."

"मिळेल. कुठं जातोय?"

गुरुवारी पहाटे छताचा एक भाग बसला. सगळ्या इमारतीला कुलूप. दुरुस्ती होईपर्यंत आत पाय ठेवायचा नाही, असं मोठ्या साहेबांचं फर्मान. मी रोज फाटकापर्यंत जायची. रखवालदाराला म्हणायची, "दादा, पाच मिनिटं. खणात माझी वस्तू राहिलीय."

"बाई, डोक्यावर तुळई पडली तर माझी नोकरी जाईल ना!"

तीन आठवडे. पाऊस, फाटक, परत घर. वहिनी म्हणाली, "खणात काय ठेवलंयस एवढं, काळीज?" मी हसले नाही.

इमारत उघडली त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. खण ओढला. काडेपेटी उघडली.

टाचणी होती. कपटा होता. चिठ्ठी होती. किडा नव्हता. खाली चिमूटभर भुकटी, तिच्यात मोडलेली सोंड आणि एक केसाळ अळी, पोट भरून झोपलेली.

किती वेळ बसले होते कोण जाणे. तो आत आला तोच मुळी हसत. पण ते हसणं खांद्यावरचं ओझं टाकून आलेल्या माणसाचं असतं ना, तसं.

"झालं," तो म्हणाला. "मी साहेबांना लिहून दिलं होतं, नर माझ्या निष्काळजीपणानं हरवला म्हणून. त्यांनी तिकडं कळवलं. तिकडून उत्तर आलं, असा माणूस नको. जागा गेली."

"अहो पण..."

"थांबा, मला बोलू द्या. नाहीतर माझं ते सोंडेसारखं होतं, मध्येच अडकतं." तो स्टुलावर बसला. दोन्ही हात त्यानं मांडीखाली दाबले. "दोन दिवस रडलो, खोटं नाही सांगत. तिसऱ्या दिवशी जाणवलं की मला... बरं वाटतंय. आता जावं लागणार नाही. मी इथंच राहीन. काहीतरी काम मिळेल. तुम्ही... तू हो म्हणालीस तर आपण..."

बघा. मला जे हवं होतं ते सगळं समोर बसलं होतं. तोंडातून एक "हो" तेवढा काढायचा. काडेपेटी पदराखाली होती. तिच्यातली भुकटी बेसिनमध्ये ओतली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पण तो स्वतःला निष्काळजी समजून जन्मभर माझ्या शेजारी बसणार होता. प्रत्येक पेटीचं झाकण दोनदा तपासणार होता. शिंक आली की तोंड दाबून बाहेर पळणार होता. आणि मी ते बघत राहणार होते.

मी काडेपेटी टेबलावर ठेवली.

"तुमच्या शिंकेनं काही गेलं नाही," मी म्हटलं. "मी घेतला होता. मंगळवारी. तुम्ही जाल म्हणून."

त्यानं उघडली. बघितली. भिंग घेतलं, पुन्हा बघितली. चिमट्यानं अळी बाजूला केली, हळुवार, जशी कुठलीही अळी करावी तशी.

"तुम्ही मला विचारायचं होतं," तो म्हणाला. "राहता का, एवढंच."

"राहिला असता?"

त्यानं मान हलवली. हो अशी.

मग उठला आणि गेला. दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

मी सरळ मोठ्या साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिले. "बाई, तुम्ही? बाकी कुणी केलं असतं तर नवल नव्हतं." त्यांनी त्याच दिवशी तिकडं कळवलं की दोष त्याचा नव्हता. दहा दिवसांनी उत्तर आलं. जागा परत मिळाली. मला हेही माहीत होतं हो, साहेबांच्या दारात पाऊल टाकतानाच माहीत होतं. मी त्याचं नाव धुऊन देत होते, म्हणजे त्याला बोटीत बसवून देत होते.

वर्णन छापून आलं, दोन माद्यांवरच, दुसरा नर मिळेपर्यंत कच्चं म्हणून. नराच्या जागी लिहिलंय, 'एक नर मिळाला होता, तपासणीपूर्वी नष्ट झाला.' कसा नष्ट झाला ते त्यानं लिहिलं नाही.

जायच्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"मी अजून रागावलोय," तो म्हणाला.

"रागवा की. हक्क आहे तुमचा."

"किती दिवस राग राहील, मलाच माहीत नाही."

"लागतील तेवढे दिवस लावा. मला कुठं जायचंय?"

त्याचा चष्मा घसरला. हात मोकळे होते, त्यानं बोटानं वर केला. "राग गेला तर... पत्र लिहू?"

"गेला तरच लिहा. उगाच दया म्हणून नको."

तो मान डोलावून जिना उतरला. मी खिडकीकडे गेले नाही.

साहेबांनी मला कामावरून काढलं नाही, पण किड्यांच्या खोलीची किल्ली काढून घेतली. आता मी खाली आवक-जावकच्या टेबलावर बसते. दोन वर्षं होतील. सगळ्या इमारतीचं टपाल सकाळी अकराला येतं आणि वर जायच्या आधी प्रत्येक पाकीट माझ्याच हातातून जातं. एकेक उचलते, नाव बघते, शिक्का मारते, बाजूला ठेवते. हात अजून स्थिर आहे.