दुसरा सदस्य

मराठी मंडळातल्या कुटुंबांच्या परिचयपुस्तिकेचं काम मंडळाच्या सेक्रेटरी विभावरीताईंनी मला दिलं. "तुला कंप्यूटरचं येते, आणि तू घरीच असते ना," त्या म्हणाल्या.

खरं होतं. बाबांच्या आजारपणात मी घरून काम करायची परवानगी काढून पुण्याहून जबलपूरला आले. इथल्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जवळच हे घर बांधलं होतं. पावसाळ्यात ते गेले. मी राहिले.

काम सोपं होतं. प्रत्येक कुटुंबाची एक वर्ड फाइल. तिच्यात माणशी एक चौकट. चौकटीत नाव, जन्मगाव, आवड यांच्या जागा. प्रत्येक चौकटीला आणि जागेला एक टॅग. तो छापील पानावर दिसत नाही, पण मी लिहिलेला प्रोग्रॅम त्यावरून नेमका मजकूर पुस्तिकेसाठी उचलतो. मी प्रोग्रॅम चालू केला आणि उन्हात मटार सोलत बसले.

परत येऊन पाहिलं, तर प्रोग्रॅमनं काढलेल्या यादीत माझ्या फाइलपुढे दोन सदस्य होते.

फाइल उघडली. पानावर मी एकटीच: विनता, जन्म नागपूर, आवड पोहणं. प्रोग्रॅमला मात्र माझ्याखाली आणखी एक चौकट सापडत होती, सगळ्या जागा रिकाम्या. कॉपी करताना राहिली असेल. मी ती पुसली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

दोन. या वेळी दुसऱ्या चौकटीत जन्मगाव होतं. जबलपूर.

मी कोऱ्या पानावर नवी फाइल बनवली. तरी दोन. मग ती फाइल आणि प्रोग्रॅम घेऊन सिविल लाइंसला विभावरीताईंच्या घरी गेले, त्यांच्या कंप्यूटरवर चालवून पाहिलं. तिथं एकच सदस्य आला.

"ठीक तर आहे," त्या म्हणाल्या. "काहून घाबरून राहिली?"

घरी आल्यावर पुन्हा दोन.

संध्याकाळी शेजारच्या माधवीताईंनी कंपाउंडवरून हाक मारली. "विनता, पाहुणे आले काय गं? दुपारभर बोलणं ऐकू येऊन राहिलं होतं. चलो, अच्छा झालं. एकटी किती दिवस राहशील!"

दुपारभर मी सिविल लाइंसला होते.

"टीव्ही असेल," मी म्हणाले. टीव्ही बाबांच्या खोलीत होता. त्यांच्यानंतर तो कोणी लावला नव्हता.

मला घाबरायला हवं होतं. पण बाबा गेल्यापासून या घरात मीच दार उघडत होते आणि मीच लावत होते. दुसऱ्या दिवशी मी चौकट पुसली नाही. दुपारी प्रोग्रॅम चालवला, तेव्हा आवडीच्या जागेत 'फोडणीचा भात' आलं होतं. मी नुकताच तो खाल्ला होता. कढईत अजून होता. एकटीसाठी करताना जरा जास्तच केला होता, हे तेव्हा लक्षात आलं.

मग रोजचंच झालं. चहा ठेवताना मी मोठ्यानं सांगायची, "चहा टाकते आहे." बाहेर जाताना, "येते." उत्तर कधी आलं नाही. पण घर ऐकतंय असं वाटायचं, आणि तेवढं मला पुरत होतं.

रविवारी सकाळी विभावरीताईंचा फोन आला. "पुस्तिका छापायला जाऊन राहिली. फायनल पाठव."

दुसऱ्या चौकटीतलं नाव अजून रिकामं होतं. बिननावाचं माणूस छापता येत नाही. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: नाव नसेल तो सदस्य काढून टाक.

"माफ कर," मी म्हणाले, आणि चालवला.

सदस्य: एक.

घर एकदम गार पडल्यासारखं वाटलं. मला रडू आलं.

पाठवण्याआधी मी उरलेली चौकट वाचली.

नाव विनता.

जन्मगाव जबलपूर.

आवड फोडणीचा भात.

मी पुन्हा वाचलं. मग खुर्ची सरकवून उठले आणि अंगणात गेले. कोणाशी तरी बोलायला हवं होतं. माधवीताई कंपाउंडपाशी कपडे वाळत घालत होत्या.

"माधवीताई," मी म्हणाले.

त्यांनी चादर झटकली.

"माधवीताई!"

त्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून, स्वयंपाकघराच्या दाराकडे. आणि त्या हसल्या.

"अच्छा विनता, आहेस काय घरात? मला वाटलं कोणीच नाही."