ओढेल, पण थांबेल का?

ही गोष्ट माझ्या घरातली आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल खोटी समजावी, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपारी, लख्ख उन्हात, वजनकाट्यावर माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आधी आमचा धंदा सांगते. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या.

माझ्या मोठ्या दिरांचे फिरते संडास होते. चाकांवरचा लांबलचक ट्रेलर, वर ओळीने संडास, खाली सगळ्यांची मिळून एक मोठी टाकी. मैदानावर सभा असो नाहीतर शर्यती, पिकअपच्या मागे ट्रेलर जोडायचा, नेऊन उभा करायचा, आटोपलं की परत आणायचा.

यात नियम एकच. टाकी उपसल्याशिवाय ट्रेलर हलवायचा नाही. रिकामा ट्रेलर पिकअपला झेपतो, भरलेला झेपत नाही. गाडीने किती वजन ओढायचं ते दाराच्या आतल्या पट्टीवर छापलेलं असतं, पण वाचतो कोण?

एक जण वाचायचा. आमचा जुना ड्रायव्हर, टिचकीमामा.

निघण्याआधी मामा टाकीला खालून वरपर्यंत टिचक्या मारत जायचा. रिकामी टाकी टण्ण वाजते. भरलेली वाजते ठप्प. ठप्प ऐकू आलं की मामा किल्ली खिशात टाकून सावलीत बसून राहायचा.

दीर चिडायचे. "अरे, गाडी ओढतेय ना?"

"ओढेल हो," मामा म्हणायचा. "पण थांबेल का?"

आम्ही सगळे हसायचो त्याला.

एकदा दिरांना ट्रेलर घाईने दुसरीकडे न्यायचा होता. टाकी उपसणारा आला नव्हता. मामाने नाही म्हटलं. दिरांनी त्याला चारचौघांत नाही नाही ते बोलून गाडीत बसवलं... भरल्या टाकीसकट.

कारखान्याच्या मागे लांब उतार आहे. तिथे ट्रेलरने पिकअपला मागून रेटलं. ब्रेक दाबून काय होतंय. दोन्ही नाल्यात उलटे पडले आणि टाकी फुटली.

सांगतानाही किळस येते. मामाचं एकही हाड मोडलं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. तो केबिनमध्ये अडकला होता. लोकांच्या त्या घाणीत... गुदमरून गेला.

आणि आमच्या दिरांनी काय करावं? टाकीला ठिगळ मारलं, ट्रेलरला निळा रंग दिला. "नवाकोरा वाटतो की नाही?" असं मलाच विचारलं. जनाची नाही, मनाची तरी लाज असावी माणसाला. थुंकायचं तेवढं मी बाकी ठेवलं.

दुसरी पिकअप आली, पण ड्रायव्हर मिळेना. मग बसवलं कुणाला? आमच्या ह्यांना.

हे स्वभावाने गरीब. भावाने विहिरीत उडी मार म्हटलं, तर पाणी आहे का ते पडल्यावर बघतील.

"दादाला नाही कसं म्हणू गं?" म्हणाले.

"तोंडाने म्हणायचं," मी म्हटलं.

पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच शेजारच्या सीटवर जाऊन बसले. मला नवरा एकच आहे. त्याला मी त्या ट्रेलरच्या पुढ्यात एकटा सोडणार नव्हते.

जाताना काही झालं नाही. परत निघायच्या आधी टाकी उपसून घेतली. मी नाकाला रुमाल बांधून तिथेच उभी राहिले, पाईप लावून धुवूनही घेतली. ह्यांनी टिचकी मारली. टण्ण. निघालो.

थोड्या वेळाने बघते तर हे स्टिअरिंग सारखं सावरतायत.

"काय झालं?"

"पुढची चाकं हलकी लागतायत. मागे कुणीतरी बसल्यासारखं..."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघितलं. पिकअपची मागची बाजू दबून खाली गेली होती.

मग आवाज आला...

डुचुक.

डुचुक... डुचुक...

भरलेली टाकी डचमळते तसा.

त्यामागून वास आला.

"तू टाकी बघितली होतीस ना?" ह्यांनी विचारलं.

"धुतलेली बघितली."

पुढे तोच कारखान्याचा उतार होता. त्याच्या अलीकडे वजनकाटा लागतो. मी म्हटलं, "आत घ्या. आता एक चाक पुढे जाऊ द्यायचं नाही."

काटेवाला ओळखीचा. त्याने आकडा बघितला आणि बाहेरच आला. "वहिनी, टाकी भरून कुठे निघालात? पुढचा उतार उतरायचाय ना तुम्हाला?"

"रिकामी आहे," मी म्हटलं.

त्याने नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. भरलेल्या ट्रेलरचं वजन होतं ते.

ह्यांनी खालची तोटी उघडली. एक थेंब आला नाही.

मग टिचकी मारली... ठप्प.

मी दिरांना फोन लावला. आले ते तणतणत. "बायकोला शेजारी बसवून धंदा करायला निघालास, की असंच व्हायचं," ह्यांना म्हणाले. काटेवाल्याला म्हणाले, "तुझा काटा बिघडलाय." आणि काट्यावर चढून त्यांनी टाकीला टिचकी मारली.

ठप्प.

आणि मग... आतून...

टिक.

टिक. टिक.

खालून वर, वर, वर. टिचकीमामा टिचक्या मारत जायचा, तसंच. टाकीच्या पार वरच्या कडेपर्यंत.

दिरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी ताठा जाईना. "उंदीर असेल," म्हणाले. धुतलेल्या, बंद टाकीत उंदीर. ऐकूनच चीड आली मला.

ते काट्यावरून खाली उतरले.

तसा पिकअपचा मागचा भाग हळूहळू वर आला...

काटेवाला पडद्याकडे बघत राहिला. आकडा घसरत घसरत रिकाम्या ट्रेलरच्या वजनावर येऊन थांबला. ह्यांनी टाकी वाजवून बघितली. टण्ण.

वासही गेला होता. म्हणजे आमच्यापाशी नव्हता. दीर माझ्या शेजारून त्यांच्या गाडीकडे गेले, तेव्हा मी नाक दाबलं.

ट्रेलर भंगारात गेला. आमचे हे आता त्या धंद्यात नाहीत. सुटलो, असं मला वाटलं होतं.

आम्ही आणि दीर एकाच आवारात राहतो. ते हल्ली सारखे अंघोळ करतात. जाऊबाईंनी आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं, त्यांना वास सहन होत नाही. पण ते एक वेळ परवडलं.

दीर चालताना पुढे वाकून चालतात. कमरेला मागून काहीतरी जोडलं असावं आणि ते ओढावं लागत असावं, तसे. चढावर त्यांना धाप लागते.

आणि उतारावर... त्यांना थांबता येत नाही.

घरापासून फाटकापर्यंत आमच्याकडे जरासा उतार आहे. तेवढ्यातही त्यांची पावलं सुटतात. टाचा घासत, धावत जाऊन फाटकावर आपटतात.

"मागून रेटतंय," म्हणतात. "धर रे मला."

मला दया येत नाही. खोटं कशाला बोलू, किळसच येते. करावं तसं भरावं.

पण आमचे हे धावतात. पाठचा भाऊ ना. समोर जाऊन उभे राहतात, छातीवर झेलतात त्यांना. हात लावू नका म्हणून मी शंभरदा सांगितलं.

"अगं, थांबवायला कुणीतरी हवं ना," म्हणतात.

काल दुपारी हे फाटक लावायला गेले. दीर घरात झोपलेले. मी दारात उभी होते. जाताना ह्यांची पावलं जरा घाईची वाटली... फाटकाशी पोचले आणि दोन्ही हातांनी गज घट्ट धरून उभे राहिले.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"काही नाही. आलोच."

परत येताना हे पुढे वाकून चालत होते.

जवळ आले तेव्हा मी श्वास रोखून धरला. वास येतोय की नाही, ते मला कळायला नको होतं.