विनयाचा नियम

टाचणीने घंटा वाजवली तेव्हा तिच्या काखेत कापडाच्या नमुन्यांचं बाड होतं आणि गळ्यात मोजपट्टी होती. दार उघडलं... आणि दारात एक उंच तरुण, दोन्ही हातांनी एक साधा स्टीलचा चमचा धरून उभा! चेहरा तर असा, की आत्ताच देशाचा कारभार हाती घेऊन आलाय.

"आपण खेळ चालू असताना घंटा वाजवलीत," तो खोल आवाजात म्हणाला. "नियम नववा. घंटा वाजवणारी व्यक्ती खेळाडू समजली जाते."

"अहो, मी पडद्यांची मापं घ्यायला आलेय!"

"मापं घेता घेता खेळता येतं. चपला डावीकडे. हसायचं नाही."

"आणि हसले तर?"

"किटलीची टोपी." त्याने अदबीने आत हात दाखवला. सोफ्यावर एक भारदस्त बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर किटली गरम ठेवायची लोकरीची जांभळी टोपी होती. गोंड्यासकट! "आमच्या आत्या. सकाळपासून तीनदा हसल्यात."

टाचणीने गाल आतून चावले. हसू गिळलं. कसंबसं.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती बुटकी, बारीक आणि टोचून बोलणारी, म्हणून तिच्या मावशीने ते ठेवलेलं. मावशीचं पडदे शिवायचं दुकान होतं. तेवीस वर्षांची होईपर्यंत टाचणीने तिथे कड्या लावल्या, चुण्या घातल्या, पण माप घ्यायला मावशीने तिला कधी एकटीला पाठवलं नव्हतं. आज पहिल्यांदा पाठवलं होतं. आणि नेमकं हे घर!

ऑर्डर दिली होती ती या घरच्या वहिनीने, तरुणाच्या थोरल्या भावाच्या बायकोने. तीच काय ती त्यातल्या त्यात शहाणी. "घाबरू नकोस गं," ती कुजबुजली. "दर रविवारी असंच असतं. चमचा परिषद म्हणतात. भाऊजींनीच काढलाय हा खेळ, आजोबांसाठी. त्यांना ऐकू कमी येतं ना, गप्पांत मागे पडायचे. आता प्रत्येक नियम त्यांच्या कानात मोठ्याने सांगावा लागतो, म्हणजे सगळं घर त्यांच्याभोवती."

टाचणीने वळून पाहिलं. तो तरुण खरंच आजोबांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला होता आणि अगदी न कंटाळता ओरडत होता, "आजोबा! नवीन खेळाडू! पडदेवाल्या!"

"गाढववाल्या?" आजोबा म्हणाले.

"पडदे! पडदे!"

तिला तेव्हाच तो आवडला असावा. कबूल मात्र तिने बऱ्याच उशिरा केलं.

नियम म्हणाल तर एकेक भन्नाट. चमचा ज्याच्या हातात त्याला 'सरकार' म्हणायचं. शिंकायचं असेल तर परवानगी घ्यायची. चौथा नियम म्हणजे, एखादं बोलणं खरं की खेळातलं असं कुणी विचारलं, तर त्याने मिनिटभर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आणि सगळ्यांत लाडका तो विनयाचा नियम. बढाई वाईट, म्हणून कुठलाही आकडा दहा कमी करून सांगायचा. हा आत्यांनी घातलेला. शाळेत मुख्याध्यापिका होत्या त्या, आता निवृत्त.

"माझं वय एक्कावन्न," आत्या गंभीरपणे म्हणाल्या आणि टोपीचा गोंडा मागे सारला. हा नियम त्यांनी का घातला, ते टाचणीच्या लगेच लक्षात आलं.

"भाऊजी, तुम्ही उंच आहात, जरा स्टुलावर चढा आणि तिला वरचं माप वाचून दाखवा," वहिनी म्हणाली.

"मोजायचं काम त्याचंच," आत्या म्हणाल्या. "जमिनी मोजतो सरकारी खात्यात. बांधावरून डोकी फोडणारे भाऊसुद्धा याचा आकडा ऐकला की गप्प घरी जातात."

मोजणीदार! टाचणीच्या मनात भलताच आदर दाटून आला. मग ती पट्टीचं टोक खिडकीच्या खालच्या कडेला लावून खाली बसली आणि तो वर चढला.

"पन्नास इंच," त्याने वरून सांगितलं.

तिने वहीत साठ लिहिलं. "सरकार, आवाज जरा कमी गंभीर केलात तर चालेल. मला वाटलं कुणी गेलं की काय."

"हा माझा आनंदी आवाज आहे."

"अरे बापरे! मग दुःखी कसा असतो?"

"तो अजून कुणी ऐकलेला नाही. तुम्ही लवकर गेलात तर ऐकाल."

टाचणीने वहीत तोंड खुपसलं. पाच खिडक्या झाल्या, पाचही वेळा तिने आठवणीने दहा मिळवले. आणि प्रत्येक खिडकीला एकदा तरी वर पाहिलं. पट्टी किती हलक्या हाताने धरली होती त्याने! कापड असो, जमीन असो, माणूस असो, हा सगळ्यांशी असाच वागत असेल, असं तिला उगीचच वाटून गेलं.

मग बैठकीच्या खोलीतली मोठी खिडकी. थेट जमिनीपर्यंतची. ऊन सरळ आत येत होतं, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल दिसत होत्या.

"चौऱ्याहत्तर," तो म्हणाला. मग पट्टीवरची नजर न काढता, त्याच आवाजात पण हळू... "तुम्ही मला — जराशा — आवडलात."

टाचणी वर बघतच राहिली. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही! आकडा सांगावा तसा सांगून मोकळा!

खरं की खेळातलं? जिभेवर आलं होतं. पण विचारलं की भिंत, आणि भिंत म्हटली की आत्या विचारणार, तो काय म्हणाला गं... तिने प्रश्न गिळला. वहीत चौऱ्याहत्तर लिहिलं आणि ती निघाली.

पुढचा आठवडा कसा गेला म्हणून सांगू! मशीन खडखडत होतं आणि टाचणीच्या डोक्यात एकच टाका पुन्हा पुन्हा पडत होता. जराशा आवडलात. तिथे तर शिंकसुद्धा खेळातली असते, मग हे वाक्य तरी कशावरून नाही? आपण गेल्यावर त्या वाक्यावर सगळे पोट धरून हसले असतील... नाही, नसतील. असतील?

"अगं, कडी उलटी लावलीस!" मावशी ओरडली. "सुई इथे, धागा इथे, तू कुठे आहेस?"

"इथेच आहे गं मावशी."

"हो का? मग त्या इथल्या बाईला म्हणावं, कडी सुलटी लाव."

पुढच्या रविवारी ती पडदे घेऊन गेली. परिषद अजून भरायची होती. पाच पडदे असे चपखल बसले की वहिनीने टाळ्या वाजवल्या. मग सहावा लावला. सगळे दोन पावलं मागे सरून बघू लागले.

पडदा जमिनीपासून चांगला दहा इंच वर लटकत होता. एका उन्हाळ्यात उंची वाढलेल्या पोराच्या आखूड पँटसारखा!

वहिनीचा चेहरा उतरला. "अगं... उद्या माझ्या माहेरची माणसं यायची आहेत..."

"चूक माझी आहे," मोजणीदार म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"आकडा मी चुकीचा सांगितला. दहाऐवजी वीस कमी केले. यांचा काही दोष नाही."

"तू?" आत्यांनी चष्मा खाली केला. "तू मोजण्यात चुकलास?"

"चुकलो."

त्याची मान ताठ होती, पण कान मात्र लालबुंद. ज्याच्या एका आकड्यावर भांडणं मिटतात, तो माणूस तिच्यासाठी घरच्यांसमोर सरळ सांगत होता, की मला मोजता येत नाही. गप्प बसली असती तर सुटली असती ती. मावशीचा ओरडा नाही, अब्रूचा प्रश्न नाही. पण त्याची अब्रू?

"खोटं आहे हे," टाचणी म्हणाली. आवाज थोडा चिरकला, तरी तिने पुढे रेटलं. "यांनी बरोबर चौऱ्याहत्तर सांगितलं. दहा मी मिळवायचे होते, ते मी विसरले."

"पाच खिडक्यांना नाही विसरलीस ती?" मुख्याध्यापिकाच त्या, सोडतात होय?

"त्या पाच खिडक्यांच्या वेळी हे... मला तसलं काही बोलले नव्हते."

आत्यांनी चष्मा पुन्हा वर चढवला.

"काय?" आजोबा खुर्चीतून ओरडले. "काय बोलला तो? मला कुणी सांगेल का?"

वहिनीने पदरात तोंड लपवलं. आत्यांनी हाताची घडी घातली. "सांग की. नियम तुझाच आहे. आजोबांना सगळं मोठ्याने सांगायचं."

मोजणीदाराने एकदा टाचणीकडे पाहिलं. मग तो आजोबांपाशी गुडघ्यावर बसला. त्याचा तो खोल, भारदस्त आवाज कुठल्या कुठे गेला, घोगरा झाला, मध्येच फुटला. "मी... मी म्हणालो... तुम्ही मला जराशा आवडलात!"

"मी?" आजोबा चकित झाले.

"तुम्ही नाही! त्या!"

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं.

टाचणीने कमरेवर हात ठेवला. "आज अजून खेळ सुरू झालेला नाही ना? मग मी विचारते. ते खरं होतं, की खेळातलं?"

"खरं," तो म्हणाला. उठून उभा राहिला तेव्हा त्याला हातांचं काय करावं ते कळेना. "पण ते 'जराशा' होतं ना... ते नियमाप्रमाणे होतं. पुष्कळ कमी करून सांगितलं होतं."

"बोंबला!" आत्या म्हणाल्या आणि जाऊन आजोबांच्या कानात सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.

टाचणीने आता उत्तर द्यायचं? इतक्या माणसांत? छे! तिने स्टुलावर चढून पडदा काढला, वहिनीला म्हणाली, "खाली दहा इंचांची गडद पट्टी जोडते, शोभून दिसेल. संध्याकाळपर्यंत आणून लावते," आणि ती धाडधाड जिना उतरली. मागून पावलं आलीच. अनवाणी! चपला घालायच्याही विसरला होता वेडा.

"उत्तर?" त्याने धापा टाकत विचारलं.

"चालता चालता देते. आधी हे टोक धर, जमिनीला लागतंय."

आधी चपला घालून ये, असंही तिने सांगितलं. तो पळत जाऊन पळत आला. मग भर दुपारी, रस्त्याच्या मधोमध, पडद्याची एक बाजू त्याच्या हातात आणि एक तिच्या, असे दोघे निघाले. सायकलवाले घंटी वाजवत होते, माणसं बाजूला होत होती. दुकान येईपर्यंत टाचणी तीनदा 'हो' म्हणाली. एकदा त्याला, एकदा त्याने "काय म्हणालीस?" असं विचारलं म्हणून, आणि तिसऱ्यांदा उगाच... म्हणायला फार छान वाटत होतं म्हणून.