हातभर लांब

मोटरीची घरघर आधी मांडीत शिरते, मग कानात.

आत्याच्या कानामागे टाक्यांची ओळ. सरळ टीप.

साबणाच्या वडीएवढी राखाडी डबी, तिला चाप.

"त्या पोरीला सांगा, गाठ..."

पत्र्यावर पाऊस.

आता हे तुकडे जोडून घेऊ. शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात कोपऱ्यातल्या मशीनवर जी बसायची, तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलायला टोकदार. मशीन आधी तिच्या आत्याची. आत्याच्या डोक्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आत्या घरी बसली आणि तिच्या जागी ही भाची.

मग एका सकाळी मापवाला आला. मशीनांजवळ काय काय आहे ते मोजणं हेच त्याचं काम.

"ही डबी दिवसभर कमरेला राहू द्या."

"काय करते ही?"

"मोटरीभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. ते मोजते."

"दिसतं का ते?"

"नाही."

"जाणवतं?"

"नाही... म्हणजे, तसं नाही."

"मग आहे कशावरून?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "न दिसता असतं... पुष्कळ काही."

टाचणीने मान खाली घातली. टीप वाकडी गेली.

संध्याकाळी डबी परत देताना तिने विचारलंच, "आत्याची गाठ याच्यामुळेच का?"

"सांगता येत नाही. काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत नाही."

"म्हणजे हो की नाही?"

"म्हणजे... माहीत नाही."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आणि खोटं बोलला नाही म्हणूनच तो आवडला. आता यातलं धरायचं काय?

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मावशी गोंगाटातून ओरडत आली. "टाचणे, तो मापवाला आलाय गं. तुझ्या गाठीचं काहीतरी म्हणतोय."

"माझ्या?"

"तुझ्याच. या घरघरीत मला काय कप्पाळ ऐकू येतंय?"

डबी गाठ मोजत नाही, हे तिला कळत होतं. पण कळलं तरी वळायला नको? कॉलर उलटी लागली. कानामागे चाचपत ती बाहेर धावली.

तो पत्र्याच्या आडोशाला उभा होता, अर्धा भिजलेला.

"कुठंय?"

"काय?"

"गाठ. सांगून टाका, मी रडणार नाही." डोळे तोवर भरलेच होते.

त्याचा चेहरा उतरला. "अहो, तुमची गाठ घ्यायचीय, असं म्हणालो मी. भेटायचं होतं."

"मग भेटायचंय म्हणायला जीभ झडत होती?"

"मावशींसमोर... जरा सभ्य वाटेल म्हणून."

ती हसायला गेली आणि हुंदकाच आला.

"काल डबी सुरूच केली नव्हती मी," तो म्हणाला. "तुम्ही बघत होतात ना... पुन्हा मोजावं लागेल."

"आणि मी काय करू? उठू त्या मशीनवरून?"

"मोटर हातभर लांब बसवता येते. लांब गेलं की क्षेत्र झपाट्याने कमी होतं. मालकांशी बोलतो मी."

"लोकांना लांब जा म्हणायचं आणि स्वतः पावसात जवळ यायचं."

"माझं जरा निराळं आहे. काल घरी गेलो, तरी... कमी झालं नाही."

पाऊस पत्र्यावरून दोघांच्या मधोमध पडत होता. तिने हात पुढे केला, ओला झाला. त्याने पुढे केलेली डबी घेताना बोटं जरा जास्तच रेंगाळली.

"आज मोजा," ती म्हणाली. "उद्यापासून मी धागे कापायच्या टेबलावर. तिथे मोजायला काही नाही. तरी या."

हे ती भीतीने बोलली की त्याच्यासाठी, तिचं तिलाच कळेना. तो मात्र 'येईन' म्हणाला, दोनदा.

त्या मशीनवर आत्याच्या आधी आजी बसायची. ती म्हातारी होऊन, ठणठणीत, झोपेत गेली.