गोड पाण्यातली होडी

ही घटना खरी आहे. जिच्या घरी घडली ती दिव्या रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा स्वभाव.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, सडक अर्जुनीच्या एका ढाब्याजवळ ट्रकमधून होडी उतरवली, तेव्हा तिच्यात दोन वल्ही होती. एक नांगर. दोरीची दोन वेटोळी. पाणी उपसायचा एक डबा आणि एक निळी ताडपत्री.

पाण्याचा मात्र एक थेंबही नव्हता.

गेल्या जानेवारीतली, भर दुपारची गोष्ट.

दिव्याचा मोठा भाऊ हेमराज सौंदडजवळच्या त्यांच्या गावच्या तलावात मासे धरतो. त्याचा लाकडी डोंगा कुजला होता. एकदा तर बायकोसकट उलटला. तेव्हापासून रेणूवहिनीनं बजावलं होतं, "धड नाव आणल्याबिगर पाण्यात गेले तं मी माहेरी जाऊन बसीन."

म्हणून सगळं घर बसेल अशी वापरलेली फायबरची होडी शोधायची ठरली. मोबाईलवर शोधता शोधता बहीणभाऊ थेट मालवणकडच्या किनाऱ्यावर पोचले.

तिथं तीन होड्या पाहिल्या. पहिलीचा तळ दाबला की मऊ लागायचा. दुसरीच्या भेगांवर नुसता रंग फासलेला. तिसरीचा तळ दिव्यानं इंचाइंचावर ठोकून पाहिला. कुठंही पोकळ आवाज नाही.

हीच घ्यायची.

पण त्या होडीला टेकून एक म्हातारी बसली होती.

"ही विकूची नाय," ती म्हणाली. "माझो थोरलो झील, बाबल, हिच्यातसून दर्यात पडलो. तो येतलो. होडी दिसली नाय तर खंय उतरतलो?"

तिच्या धाकट्या मुलानं दोघांना बाजूला घेतलं. "दोन वर्षं आई हेच बोलते. तुम्ही पहाटे या. ती झोपेत असताना घेऊन जा."

हेमराज घुटमळत बहिणीला म्हणाला, "बाई, बुढीले विचारून घेऊ नं. असं चोरावानी काऊन न्याचं?"

"मेलेला माणूस येते का कधी, भाऊ? उगाच रडेल बिचारी. झोपू दे तिले."

दिव्या असं म्हणाली, आणि होडी पहाटे निघाली.

गावच्या तलावात ती पहिल्याच दिवशी झकास तरंगली. रेणूवहिनी मुद्दाम मधोमध बसून आली.

दुसऱ्या सकाळी होडीत पाणी होतं...

घोट्याएवढं.

"वा गा वा!" वहिनी नवऱ्याला म्हणाली. "फुटकी नाव आणाले समुद्रापावतर गेले! इथच्या फुटक्या का संपल्या होत्या?"

दिव्यानं होडी काठावर ओढायला लावली. ती पाण्यानं काठोकाठ भरून दिवसभर ठेवली. बाहेर एक थेंब पाझरला नाही. रिकामी करून, पुसून पुन्हा तलावात सोडली.

सकाळी परत तेवढंच पाणी.

हेमराजनं बोट बुडवून जिभेला लावलं. आणि थुंकला.

"दिव्या... हे खारं हाये."

तिनं त्यातलं एक लिटर पाणी गंजात, म्हणजे पातेल्यात, घेऊन गॅसवर पार आटवलं. तळाशी पांढरं मीठ उरलं. ते वजनकाट्यावर ठेवलं. पस्तीस ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात असतं तेवढंच.

"जुनं मीठ बसलं असेल तळाले," ती म्हणाली. "धुतलं का कमी होईल."

होडी धुतली. पुन्हा पस्तीस. साबणानं घासली. पस्तीस.

मग तिला इतर गोष्टीही दिसायला लागल्या. बाकीच्या डोंग्यांवर बगळे बसायचे. हिच्यावर... एकही नाही.

वारा पडलेला असायचा. तलावावर साधा तरंगही नसायचा. तरी होडीजवळ उभं राहिलं की ऐकू यायचं... लाट फुटून वाळूवर पसरावी तसं काहीतरी.

तिथं वाळू नाही. नुसता चिखल आहे.

एका दुपारी हेमराज जाळं न टाकताच परत आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मी एकच वल्हं मारून राहिलो होतो, बाई. दुसरं... दुसरं आपल्यानंच चालत होतं." तो खाली बसला. "आपण त्याची नाव चोरली."

"तू नाही, भाऊ. मी चोरली."

होडी परत पाठवायची, हे सांगायला तिनं मालवणला फोन लावला. फोन म्हातारीनंच उचलला. दिव्यानं माफी मागितली. म्हातारी चिडली नाही. रडलीही नाही.

"बाबल सपनात येता माझ्या," ती हळूच म्हणाली. "म्हणता, आये, हंय पाणी गोड आसा."

दिव्यानं फोन ठेवला आणि लगेच ट्रक शोधायला घेतला.

आठवड्याच्या आत होडी ट्रकवर चढली. बहीणभाऊ ढाब्यावर उभं राहून ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत होते. त्या रात्री दिव्या कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

चौथ्या दिवशी, जेवायच्या वेळेला, मालवणहून फोन आला.

"होडी इली गो, बाये," म्हातारी म्हणाली.

दिव्यानं सुटकेचा श्वास घेतला.

"पण तो नाय इलो. थंयच रवलो काय गो?"

पलीकडे म्हातारी वाट बघत राहिली. मग फोन बंद झाला.

मागं पाटावर हेमराजनं पहिला घास तोंडात घातला आणि थांबला.

"रेणू, भात एवढा खारट?"

"काहीही बोलता! मी भातात मीठच नाही टाकलं. माठातलं पाणी, तांदूळ, बस."

दिव्या उठली. घरातल्या माठाचं झाकण काढलं. एक लिटर पाणी मोजून गंजात ओतलं. गॅस पेटवला. पाणी आटत गेलं...

गंज थंड झाल्यावर तिनं तळ खरवडला आणि काटा समोर ओढला.

पस्तीस ग्रॅम.