सुभानरावांच्या वाटचा चटका

ही गोष्ट २०१८ सालची. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते आणि बडोद्याला मकरपुऱ्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत विजेची उपकरणं सुरक्षित आहेत का ते तपासत होते. सव्वीस वर्षं तेच काम. मी लागले तेव्हा आमच्या गल्लीत कडुनिंब होते आणि दुपारी मोर ओरडायचे. पुढे झाडं गेली, शेड आल्या. सुभानराव मात्र माझ्या पहिल्या दिवसापासून तिथेच होते.

सुभानराव म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी ॲल्युमिनियमची पेटी. बिघडलेल्या यंत्राला माणसाचा हात लागला तर त्याच्या अंगातून किती वीज जाईल, हे माणूस न लावता मोजायचं, म्हणून माणसाच्या जागी ही पेटी. तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एक हजार ओहम, कायमचा. खरा माणूस असा नसतो. त्याच्या दोन कोरड्या हातांत मीटर दिला तर आकडा लाखांत जातो आणि क्षणभर टिकत नाही. घाम आला, भीती वाटली की घसरतो. पेटीला नाव कोणी दिलं ते आठवत नाही. पण आपल्या वाटचा चटका ते खातात म्हणून सगळे त्यांना अहोजाहो करत.

मालक फत्तेसिंहराव. त्यांचे आजोबा गायकवाडी फौजेत होते. घरी खंडेनवमीला तलवार पुजायचे, इथे यंत्रं. त्या वर्षी पूजेला मोहना होती, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर मीच तिला समा भागातल्या माझ्या घरी आणलं, मीच इथे कामाला लावलं. चोवीस वर्षांची, सतत बडबडणारी, सतत घामेजलेली, ओढणीने तोंड पुसणारी. पेटीला कुंकू लावून, झेंडूचं फूल ठेवून तिने हात जोडले.

"सुभानराव, फार चटके खाल्लेत आमच्यासाठी. आता माणूस व्हा!"

"अगं, माणूस झाले तर सुट्टी मागतील," फत्तेसिंहराव म्हणाले. सगळे हसले. मीही.

दसऱ्यानंतर पहिल्या सकाळी मी रिवाजाप्रमाणे पेटीला मीटर लावला. एक हजार दिसायला हवं होतं. दिसले चार लाख. मग तीन लाख ऐंशी हजार. मग पुन्हा चार लाख. आकडा संथपणे वर-खाली होत होता, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. मी तारा बदलल्या, मीटर बदलला. अकराच्या सुमारास एक हजार आले आणि टिकले. मी वहीत तेवढंच लिहिलं. बाकीचं लिहायची लाज वाटली.

दुपारी हार्दिक आला. एका लहान कारखान्यातला इंजिनिअर, नवजात बाळांना ऊब देणारं यंत्र घेऊन.

"राजेश्वरीबेन, जरा जल्दी करजो ने. दवाखानावाले रोज फोन करतात."

मोहनाने यंत्राची अर्थिंगची तार मुद्दाम काढली, मध्ये पेटी जोडली, वीज सुरू केली. असंच तपासतात, सगळ्यात वाईट वेळ आणून. मीटरवर शून्य आलं.

"पास!" हार्दिक म्हणाला.

"शून्य कधीच येत नाही," मी म्हणाले. "चांगल्या यंत्रालाही थोडं येतंच. मोहना, बंद कर."

"मावशी, तुला ना कशावर विश्वासच नाही. सुभानराव म्हणतायत ना ठीक आहे?"

पेटीवरचं फूल सुकलं होतं. कुंकू ओलं होतं. पत्र्यावर बारीक थेंब जमले होते, माणसाच्या वरच्या ओठावर जमतात तसे.

मोहनाचा डावा हात पेटीवर होता.

"हात लावू नकोस!"

तिने हसतच उजवा तळवा यंत्रावर टेकला.

आवाज झाला नाही. तिचं तोंड उघडं राहिलं. हात सुटेना.

मी मेन स्विच ओढला.

मोहना सरळ उभी राहिली. चेहरा कोरडा ठणठणीत होता.

"काही झालं नाही, राजेश्वरीबेन," ती म्हणाली.

तिने मला आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती.

डॉक्टरांना तिच्यात काही सापडलं नाही. फत्तेसिंहरावांनी पेटी उघडली. आत जुनाच रोधक होता, जळल्याची खूणही नव्हती. दोन वर्षांनी त्यांनी प्रयोगशाळा बंद केली. आता मांडवीजवळ मुलाकडे असतात. खंडेनवमीला तलवार बाहेर काढत नाहीत. हार्दिकने यंत्र नव्याने बनवलं, मग नोकरीच बदलली. नंदेसरीला असतो, दिवाळीला संदेश पाठवतो, मोहनाची चौकशी करत नाही. मी त्याच आठवड्यात काम सोडलं. निघताना फक्त पेटी मागून घेतली.

मोहना माझ्याजवळच आहे. जेवते, झोपते, विचारलं तर उत्तर देते. मे महिन्यातही तिला घाम येत नाही. एकदा मी तिच्या दोन हातांत मीटर दिला. एक हजार. पावसाळ्यात दिला, एक हजार. तापाने फणफणली होती तेव्हाही एक हजार.

पेटी माझ्या कपाटात, साड्यांखाली आहे. तिचा आकडा लाखांत हलत असतो. गेल्या खंडेनवमीला मी मीटर लावला आणि अगदी हळू म्हटलं, "मोहना."

आकडा झरझर उतरला. दोन लाख. ऐंशी हजार. वीस हजार. बोटांखाली पत्रा ओला झाला.

मागे दारात ती उभी होती.

"होईल तिला सवय, राजेश्वरीबेन."